मोराचं माप

माणसाचं नाव पोपटराव असावं आणि त्यानं आपल्या वॉटर पार्कसाठी मोर निवडावा, या एका गोष्टीवर शिक्रापूरच्या चहाच्या टपऱ्यांनी अख्खा उन्हाळा काढला होता. पण पोपटराव ऐकणाऱ्यातले नव्हते. लोक मोर बघायला पार चिंचोलीपर्यंत जातात आणि तिथला मोर त्यांना बघून पळून जातो. आपला मोर स्वतः चालत येऊन पोरांच्या हातात हात देईल, असं त्यांचं म्हणणं. जमीन त्यांची, विहिरी त्यांच्या, पार्कही त्यांचाच. मोर तर मोर. पार्कचं नाव पडलं ‘मौजवाडी’ आणि मोराचं मोरूशेठ.

तो पहिला मोर, म्हणजे माणसानं आत शिरून फिरायचा सूट, शिवला दौंडच्या भिमाजी टेलरनं. भिमाजीचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला, आणि उभा जन्म गेलेला खाकी गणवेश शिवण्यात. त्यामुळे त्यानं पोपटरावांना पहिला प्रश्न विचारला तो असा, की मोराला खिसे किती ठेवायचे? डोक्याला कागदाचा लगदा, चोचीला पत्रा, अंगात ठासून भरलेला कापूस आणि डोळ्यांच्या जागी गणवेशाची पितळी बटणं. असा तो मोर ताठ मानेनं पार्कात आला तेव्हा कुठल्याशा शाळेची सहलच्या सहल भोकाड पसरून रडली. मोर कसला, नाकाबंदीला उभा केलेला हवालदारच तो.

पण आतला माणूस अस्सल होता. न्हावऱ्याचा म्हाळू, भिमाजीचा जुना दोस्त. ठेंगणा, रुंद, पायांनी जरा फेंगडा. भिमाजीनं सूट बेतला तोच त्याच्या अंगावर. रडणारी पोरं बघून म्हाळूनं काय केलं, तर सरळ मातीत बसकण मारली आणि पंखांत तोंड खुपसून स्वतःच रडायचं सोंग केलं. पोरं आधी गप्प झाली, मग एकेक करून मोराची समजूत काढायला पुढं आली. पोपटरावांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की मोर असाच राहील आणि आत म्हाळूच राहील.

पुढं काळ बदलला तसा मोरही बदलला. घराघरात दिवसभर कार्टून लागायला लागली, पोरांना गोल गुबगुबीत चेहऱ्यांची सवय झाली. पितळी डोळ्यांना आता कोण विचारतो? तोवर भिमाजीचे हात थरथरायला लागले होते आणि कात्री त्याच्या लेकीनं, करुणानं, हातात घेतली होती. तिनं फोम आणला, फर आणली, चोच आखूड केली, भुवया लावल्या, वर लाल जाकीट चढवलं. आणि मोराला पोट दिलं. ते काही कुणाच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. पोट म्हाळूलाच सुटलं होतं, आणि सूट त्याच्या अंगावर बेतायचा म्हटल्यावर मोराला ते येणारच. चोच उघडी ठेवली, म्हणजे आतून म्हाळूला दिसेल आणि वारंही लागेल.

त्या पोटानं कमाल केली. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला आलेली बिहारकडची, ओडिशाकडची कुटुंबं रविवारी यायची. त्यांच्या पोरांनी मोराच्या पोटावर आपलं पोट धडकवायची रीतच पाडली. ‘मोरू भैया, ढिशूम!’ म्हणायचं आणि धावत येऊन आदळायचं. म्हाळू दरवेळी उताणा पडायचा. अलीकडे उठायला त्याला वेळ लागे, आणि पोरांना वाटे की तोही खेळातलाच भाग आहे.

भिमाजी जाईपर्यंत लेकीला एकच सांगत राहिला, माप अंगावर घ्यायचं, माणूस समोर उभा करून. करुणानं ते पाळलं. शाळांच्या स्नेहसंमेलनांचे वाघ-ससेसुद्धा ती पोरं समोर उभी करूनच बेतायची. आणि मोराचा सूट नव्यानं शिवायचा झाला, की म्हाळूमामा न्हावऱ्याहून दौंडला यायचा, बनियनवर उभा राहायचा, चहा प्यायचा आणि जायचा. मामा काही सख्खा नव्हता. पण भिमाजी गेल्यावर तिच्याकडे ‘जयभीम, पोरी’ म्हणत हक्कानं येणारं बापाच्या बाजूचं दुसरं माणूस उरलं नव्हतं.

मग पोपटरावांचे चिरंजीव सत्यजीत पार्क बघू लागले. ते दौंडला दुकानात आले आणि त्यांनी करुणापुढं टॅब्लेट धरला. त्यात मोर होता. उंच, सडपातळ, लांब मान, अर्ध्या तोंडाएवढे डोळे, चोच नावापुरती आणि तीही मिटलेली. पोटाच्या जागी कंबर.

“आता मुलं मिठ्या नाही मारत, ताई. रील काढतात,” सत्यजीत म्हणाले. “मोर नाचला पाहिजे. उघड्या चोचीतून आतल्या माणसाचं नाक दिसतं फोटोत. कॉमेंट्स वाचा तुम्ही एकदा.”

करुणानं पायांची लांबी बघितली आणि तिला सगळं कळलं. एवढ्या लांब पायांत म्हाळूमामा दोनदा मावला असता.

“आन् म्हाळूमामा?”

“त्यांचं आम्ही बघतो. गेटवर सावलीत खुर्ची देऊ, मान देऊ. आत रोहन असेल, तो डान्सर आहे, शिक्रापूरला रूम घेऊन राहतो. फक्त तुम्ही मामांशी काही बोलू नका. मी सांगेन योग्य वेळी.” आणि मग जाता जाता म्हणाले, की एकटा मोरच नाही, लांडोर आणि पिल्लंही करायची आहेत. मुंबईचं एक वर्कशॉप मागं लागलंय, पण आपलं माणूस ते आपलं माणूस.

करुणा हो म्हणाली. तिला कुणी दोरीनं बांधलं नव्हतं. मोराचं कुटुंबच्या कुटुंब आपल्या हातून जाऊन मुंबईत शिवलं जाईल, या एका विचारानं तिच्या तोंडून हो निघालं, आणि ते निघताना तिला जरासं बरंही वाटलं. रोहनची मापं व्हॉट्सअ‍ॅपवर आली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं समोर माणूस नसताना कापड कापलं.

अशी गोष्ट लपते थोडीच. मौजवाडीतल्या मावश्यांपासून पंपवाल्यापर्यंत सगळ्यांना नव्या मोराची कुणकुण लागली, तशी म्हाळूलाही लागली. फक्त त्यानं अर्थ आपल्या परीनं लावला. नवा मोर म्हणजे नवं माप. पोरगी कामात असेल, निरोप द्यायचा राहिला असेल. आणि एका दुपारी न्हावरा, चौफुला, पाटस करत, गाड्या बदलत तो दौंडला दुकानात येऊन थडकला. हातात हरभऱ्याचा डहाळा.

“जयभीम, पोरी. इसरलीस व्हय मामाला?”

नव्या मोराचे कापलेले तुकडे तेव्हा टेबलावर पडले होते. करुणानं झटक्यात त्यांच्यावर चादर ओढली. सांगायची वेळ तीच होती. तोंड उघडलंही तिनं.

“तसं न्हाई मामा, मी बोलावणारच व्हते,” असं निघालं त्यातून.

मग काय, मामानं सदरा काढून खुंटीला अडकवला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, दर वेळी राहायचा तसा. करुणानं गळ्यातली बापाची फीत काढली. पाठ, छाती, कंबर, कमरेपासून खाली. ती फीत लावत होती, आकडे मोठ्यानं म्हणत होती, फळीवर खडूनं लिहीत होती. नजर मात्र सगळा वेळ चादरीवर. चादरीच्या एका कोपऱ्यातून निळ्या पायाची लांबलचक पट्टी बाहेर लोंबत होती आणि मामानं मान वळवली तर काय, एवढंच तिच्या डोक्यात.

“नवीन गाणी लावनार हायत म्हनं,” मामा खिडकीशी बोलत होता. त्याचा आवाज जरा दबका होता. “म्या बी थोडा नाच बसिवलाय. घरी कुनी नसलं की करतो. पोट हाय ना गं नव्या मोराला? पोरं इचारत्यात.”

“हाय की,” करुणा म्हणाली.

मामा चहा पिऊन गेला. फळीवरचे आकडे तिनं त्याच संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसले, आणि पुसताना तिला स्वतःची इतकी किळस आली की हात दोनदा धुतले. एरवी खोटं बोलणं वेगळं. हे तर बापाच्या फितीनं बोललेलं खोटं होतं.

त्यानंतर तिनं सत्यजीतना फोन लावले. “सांगितलंत का मामांना?” “सांगतो ना, ताई. या आठवड्यात नक्की.” पुन्हा फोन, पुन्हा तेच. खरं सांगायचं तर तिला त्यांच्या आळसाचा आधार वाटत होता. ते सांगत नाहीत तोवर दोष त्यांचा. एकदा तिनं थेट मामालाच फोन लावला, गुडघे कसे आहेत विचारलं, आणि ठेवून दिला. सूट मात्र सुरेख होत होता. फर चढली, मान उभी राहिली, ते मोठाले डोळे जाळी लावून बसवले. आत माणसाची नजर येते तिथंच जाळी, रोहनच्या उंचीला. असं देखणं काम तिनं कधी केलं नव्हतं, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पार्कच्या वाढदिवसाला, रविवारी, नवा मोर बाहेर काढायचा होता. करुणा सूट टेम्पोत टाकून सकाळीच मौजवाडीला पोचली. सत्यजीत दर्शनी फाटकाशी वडिलांबरोबर पाहुण्यांच्या स्वागताला उभे. पंपघरामागच्या खोलीत सूट चढवायचा असतो, तिथं ती गेली, तर म्हाळूमामा आधीच हजर. दाढी गुळगुळीत, नवा बनियन, अंगाला साबणाचा वास. बाकड्यावर ताठ बसलेला.

“आली व्हय माझी पोरगी! काढ, काढ, बघू तरी.”

“मामा, थांबा जरा. सत्यजीतदादांना येऊ द्या.”

“त्येला काय घालायचाय व्हय?” म्हणून मामा हसला आणि त्यानं पाय घातलासुद्धा.

तिनं तेव्हा तरी सांगावं की नाही? नाही सांगितलं. उलट ती मागं गेली आणि तिनं पाठीची चेन लावली, कारण हाताला तीच सवय होती. निळे पाय मामाच्या पायांवर घडीवर घडी पडत जमिनीवर गोळा झाले. कंबर गुडघ्याजवळ आली. पोटाशी कापड असं ताणलं की टाके करकरले. मामानं हात पुढं केला. “मुंडकं दे,” म्हणाला. तिनं दोन्ही हातांनी ते उचललं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं. मोठाले डोळे त्याच्या टाळूच्याही वर राहिले.

“करुणे,” आतून घुसमटलेला आवाज आला, “अंधार हाय गं.”

तेवढ्यात दार उघडलं. सत्यजीत, रोहन, फोटो काढणारा माणूस, ऑफिसातल्या दोन मुली, सगळे एकदम आत. समोर बसक्या घागरीसारखा मोर, एका हातानं भिंत चाचपतोय. आधी एक मुलगी फिसकन हसली, मग सगळेच. करुणानं घाईघाईनं मुंडकं काढलं. मामाचा चेहरा घामानं निथळत होता आणि तोही हसायचा प्रयत्न करत होता.

“अरे, मामा? हे तुम्हाला कुणी...” सत्यजीत थबकले. योग्य वेळ कुठल्या कुठं निघून गेली हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. मग त्यांनी करुणाकडे बघितलं. “माप चुकलं वाटतं, करुणाताई?”

किती सोपी वाट होती ती. सगळ्यांचीच सुटका.

“व्हय,” करुणा म्हणाली. “चुकलंय माझ्याकडनं.”

“तिच्याकडनं न्हाई चुकलं!” मामा एकदम ओरडलाच. “भिमाजीची लेक हाय ती, तिचं माप चुकत नसतंय. म्याच टाचा उचलल्या व्हत्या.”

सगळ्यांनी त्याच्या पायांकडे बघितलं.

“माप देताना,” मामा खाली बघत म्हणाला. “कानावर आलं व्हतं, नवा मोर उंच पायजे साहेबांना. म्हनलं आपुन दोन-चार बोटं वाढलो तर काय बिघडतंय. हुबा ऱ्हायलो चवड्यांवर. मंग सूट मोठा हुईल न्हाई तर काय हुईल?”

पुन्हा हशा झाला, आणि सगळ्यांत मोठ्यानं सत्यजीत हसले. टाचा उचलून माणूस हातभर वाढत नाही, हे तिथल्या कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. आलंही असेल. “मामा, तुम्ही पण ना!” असं म्हणत सत्यजीतनी मामाच्या खांद्यावर हात टाकला. “बरं, आता वेळ नाही. आजच्यापुरता रोहन घालेल.” रोहनला सूट असा बसला की ऑफिसातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. सगळे त्याला घेऊन बाहेर गेले.

खोलीत दोघंच उरली. बाहेर गाणं सुरू झालं आणि पोरांचा मोठा गलका उठला. मामा बाकड्यावर बसून नवा बनियन ओढून पोटावर सारखा करत होता. करुणाला त्याच्या शेजारी बसायची हिंमत झाली नाही, ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“माफ कर, पोरी,” मामा म्हणाला. “चार लोकांत तुला ‘चुकलं’ म्हनावं लागलं ते माझ्यामुळं. भिमाजी असता तर त्यानं पायताण हानलं असतं मला.”

“मामा...”

“आता उसवून परत शिवता येतंय का ते? पायांचं कापड उरंल, ते पोटाला लाव. आन् या बारीला नीट हुबा ऱ्हातो म्या. भितीला पाठ लावून. तू आपली फीत घे आन् बघ.” तो उठलाच. भिंतीशी गेला, पाठ टेकवली, टाचा फरशीवर दाबून उभा राहिला, हात अंगाशी.

 फीत नेहमीसारखी करुणाच्या गळ्यातच होती. आता पुन्हा ती हातात घेतली असती तर या माणसासमोर पुन्हा कधी उभं राहता आलं नसतं.

“उसवून काय व्हनार न्हाई, मामा,” ती म्हणाली. “त्यो सूट रोहनच्या मापाचाच हाय. पयल्यापास्नं. तुमी दुकानात आला तवा कापून झाला व्हता, टेबलावर चादरीखाली पडला व्हता. सत्यजीतदादा तुमाला सांगनार व्हते. मी बी सांगू शकले असते. न्हाई सांगितलं.”

मामा तसाच भिंतीला टेकून उभा राहिला.

“म्हंजी मोर माझ्याकडनं गेला.”

“व्हय.”

“मंग माप कशाला घेतलंस?”

“तुमी सदरा काढून हुबं ऱ्हायलात. माझ्यानं तोंड उघडवंना.”

बाहेर गाणं बदललं. मामानं मान हलवली, दोन-तीन वेळा. मोर गेल्याचं त्याला आतून आधीच ठाऊक असावं, असं करुणाला वाटलं. तो रडला नाही, चिडला नाही. मग हळूहळू त्याच्या कपाळाला आठी पडली, कशाचा तरी मेळ लागत नसल्यासारखी.

“पर त्या टाचा,” तो म्हणाला. “लई येळ हुबा व्हतो म्या तसा. पोटऱ्या भरून आल्या, आवाज फुटंना. मला वाटलं, तू बघितलंस. मनात म्हनलं, पोरगी समदं बघतीया आन् मामाची लाज राखायला गप ऱ्हायलीया. चौफुल्यापत्तूर म्या त्येच घोळवत गेलो, की भिमाजीची पोर लई मोठ्या मनाची निघाली.” त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे थेट बघितलं. “तू बघितलंच नव्हतंस व्हय?”

“न्हाई, मामा,” करुणा म्हणाली.